साक्ष जरा थांबून द्यावी



आमच्या बालाघाटात पावसाळ्यातल्या प्रार्थनासभेत एक साक्ष हमखास ऐकू येते: ताप होता, प्रार्थना केली, तिसऱ्या दिवशी उतरला. देवाची स्तुती असो! पण घरी अर्धं उरलेलं गोळ्यांचं पाकीट, त्याचं काय? व्हायवॅक्स मलेरियाचे जंतू यकृतात दडून बसतात नि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांच्यासाठीच डॉक्टर प्रायमाक्विन १४ दिवस देतात. जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेने आपल्याच जिल्ह्यातल्या बैगा गावांत मलेरियाचा अभ्यास केला. शेजारच्या मंडला जिल्ह्यात २०१७ पासून घरोघरी जाऊन तापाचे रोगी शोधले, औषध पुरं होतंय का तेही पाहिलं. आपल्या मंडळीला एवढं जमू नये? पाळकसाहेबांनी साक्ष देणाऱ्याला सरळ विचारावं, "गोळ्या संपल्या का?" नसतील, तर साक्ष पंधराव्या दिवशी घ्यावी.

– एक वाचक, बालाघाट