एक मोठा की दोन लहान?

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनावर लिहावे, याचे कुणाला हसू येईल. पण कॅलिफोर्नियाच्या वाळूत चारचाकी एटीव्हींची सरळ रेषेतली ड्रॅग शर्यत लागते, तेव्हा तिथला जुना वाद आपल्या वादविवाद मंडळालाही शोभावा असा असतो: टू-स्ट्रोक इंजिन एका मोठ्या सिलिंडरचे बरे, की दोन लहान सिलिंडरांचे?

पहिल्या बाजूची गाडी सुझुकी एलटी ५०० आर, सुमारे ५०० सीसीची; ती १९८७ ते १९९० एवढीच निघाली. दुसऱ्या बाजूची यामाहा बान्शी, ३४७ सीसीची. अमेरिकेत ती १९८७ पासून २००६ पर्यंत विकली गेली. आपल्याकडे १९८३ मध्ये आलेल्या राजदूत ३५० ची ती चुलत बहीणच. दोघींच्या सिलिंडरचा व्यास ६४ मिलिमीटर, पिस्टनची धाव ५४ मिलिमीटर.

मोठा सिलिंडर कमी फेऱ्यांतही जोर देतो, सुटताना झालेली चूक सांभाळून घेतो. हे खरेच. परंतु लहान पिस्टन हलके. ते अधिक वेगाने खालीवर होतात, आणि क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात एकाऐवजी दोन स्फोट होतात. मात्र ही शक्ती वरच्या थोड्याच टप्प्यात मिळते. क्लच चुकीच्या क्षणी सोडला, की फेरे खाली येतात आणि इंजिन गळपटते.

तरीही माझे मत दुसऱ्या बाजूला. शर्यत अवघ्या काही सेकंदांची. तिथे चूक झाकणाऱ्या इंजिनापेक्षा चूक न करण्याची शिस्त लावणारे इंजिन मला श्रेष्ठ वाटते. मोठे इंजिन विकत मिळते, मित्रहो. हाताचा सराव मिळत नाही.