जिन्याखालची मुकी पेटी

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये जिन्याखाली लिनक्सची एक काळी पेटी घरघरत असते. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही; फक्त विजेची आणि नेटवर्कची वायर. मित्राला तिच्यावर डेस्कटॉप हवा होता, टर्मिनलच्या काळ्या पडद्याची धास्ती वाटते म्हणून. धास्ती खरी, पण कोणी बघत नसतानाही डेस्कटॉप मेमरी अडवून बसतो आणि दर अपडेटला जास्तीचं लटांबर सांभाळावं लागतं. उबुंटूची सर्व्हर आवृत्ती उगीच डेस्कटॉपशिवाय येत नाही. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याचं साधन, लिहिलं; त्याच्याच जोरावर मी कॉलेज रोडवरच्या घरून सातपूरची पेटी हाताळतो. नेट रडतखडत चाललं तरी भागतं, कारण पलीकडून चित्रं नव्हे, अक्षरं येतात. टीमक्स लावलं असेल तर मध्येच लाइन तुटली तरी तिकडचं काम अडत नाही. (हे मी एका अर्धवट राहिलेल्या बॅकअपनंतर शिकलो.) मित्रासाठी शेवटी कॉकपिट बसवलं: ब्राउझरमध्ये ९०९० पोर्ट उघडायचं, आलेख बघायचे, सेवा चालू-बंद करायची. तो खूश आहे. फोरमन त्याहून खूश; पेटीवर ठेवलेला त्याचा डबा दुपारपर्यंत कोमट राहतो.