पैसा जनतेचा, प्रयोगशाळा कोणाची?

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीनुसार जून २०२३ मध्ये साणंद येथील मायक्रॉन कंपनीच्या प्रकल्पास मान्यता मिळाली. प्रकल्पखर्चापैकी ५० टक्के केंद्राने व २० टक्के गुजरात सरकारने द्यावयाचे ठरले. म्हणजे शंभरातील सत्तर रुपये जनतेचे आणि मालकी मात्र कंपनीची! शिवाय हा कारखाना चिप घडविण्यासाठी नव्हे, तर अन्यत्र घडलेल्या चिपची जुळणी व चाचणी करण्यासाठी आहे.

याच्या शेजारी पवईचे उदाहरण ठेवून पाहावे. मुंबईच्या आय.आय.टी.त आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत २००६ साली सरकारी पैशातून नॅनोइलेक्ट्रॉनिकीची संशोधन केंद्रे सुरू झाली. सिलिकॉनच्या चकतीवर केसाहून शेकडो पटींनी सूक्ष्म रचना कोरताना धुळीचा एक कणही घात करतो. त्यासाठी गाळलेल्या हवेची 'क्लीन रूम' लागते. ती बांधणे खर्चाचे, अखंड चालू ठेवणे त्याहून कष्टाचे. तालुक्याच्या महाविद्यालयाला ती परवडणे अशक्यच. म्हणूनच २००८ साली या केंद्रांची दारे देशभरच्या संशोधकांना उघडणारा कार्यक्रम सुरू झाला. आधी ओळखवर्ग, मग यंत्रांवर प्रत्यक्ष प्रशिक्षण, नंतर स्वतःचा संशोधनप्रकल्प. साधन एक, पण त्यावर हक्क अनेकांचा. सामाजिक मालकी याहून वेगळी ती कोणती?

धोका पत्करणाऱ्याचाच नफ्यावर हक्क, असा युक्तिवाद भांडवलदार नेहमी करतात. तोच मान्य केला, तरी सत्तर टक्के धोका जनतेचा असताना तिच्या पदरी काय पडते? ट्रान्झिस्टर १९४७ साली अमेरिकेतील बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मला. परंतु मक्तेदारीविरोधी खटल्यातील १९५६ च्या तडजोडीनुसार कंपनीला आपली तोवरची पेटंटे बहुतेक इतर अमेरिकी कंपन्यांना विनामूल्य खुली करावी लागली. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे घडले, ते येथे का घडू नये?

कारखान्यांना विरोध करण्याचे कारण नाही. विरोध आहे तो विनाअट खैरातीला. अनुदानाचा ठराविक हिस्सा विद्यापीठीय केंद्रांची यंत्रे व तंत्रज्ञ टिकविण्यासाठी राखून ठेवावा. कंपन्यांशी झालेले करार जनतेपुढे मांडावेत. कारखाने सवलती संपताच स्थलांतर करू शकतात, पण हजारो तरुणांच्या हाती आलेली विद्या कोणीही गुंडाळून नेऊ शकत नाही. कार्यकर्त्यांनी हा हिशेब गावोगावच्या महाविद्यालयांत मांडला पाहिजे.