रिकामी यादी खोटं बोलते!

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. विषय तसा साधाच, वेबपेजवरच्या याद्या.

समजा, तुम्ही आंबिवली स्टेशनात उभे आहात. नेटवर्कची जेमतेम एक दांडी. मोबाईलवर लोकलची यादी उघडलीत, तर समोर ठणठणीत अक्षरात "एकही गाडी नाही". तुम्ही वैतागून बाहेर पडता, रिक्षा शोधता. आणि ३ सेकंदांनी त्याच पानावर गाड्या उमटतात!

कारण काय, तर आपण डेव्हलपर मंडळी सुरुवातीलाच रिकामा अ‍ॅरे ठेवतो आणि लांबी शून्य दिसली की "काही नाही" छापून मोकळे होतो. अरे, पण "उत्तर यायचंय", "उत्तर आलं, गाडी खरंच नाही" आणि "सर्व्हरशी बोलणंच झालं नाही" या ३ वेगळ्या गोष्टी आहेत! चौकशीच्या खिडकीवरचा माणूससुद्धा "थांबा, विचारतो" म्हणतो. आपला कोड तेवढंही म्हणत नाही.

दुसरा प्रकार आणखी भारी. कल्याणला फाटा फुटतो: शहाड, आंबिवली, टिटवाळा कसाऱ्याकडे, विठ्ठलवाडी, उल्हासनगर कर्जतकडे. चुकून 'कर्जत' दाबलं, लगेच सुधारून 'कसारा' दाबलं. कसाऱ्याचं उत्तर आधी आलं, कर्जतचं रेंगाळत मागून आलं आणि वरचढ झालं. आता मथळा कसाऱ्याचा, गाड्या कर्जतच्या. बसा त्यात आणि शोधा आंबिवली!

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. प्रत्येक विनंतीला क्रमांक द्या, शेवटच्या क्रमांकाचंच उत्तर स्वीकारा. किंवा अ‍ॅबॉर्ट-कंट्रोलर वापरून जुनी विनंती रद्द करा. यादी ताजी करताना जुनी पुसू नका. ती किती वाजताची आहे ते लिहा. आणि रिअ‍ॅक्टमध्ये ओळीची 'की' म्हणून गाडीचा नंबर द्या, ओळीचा अनुक्रमांक नको.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अरे, ही एज केस आहे." कोणासाठी? ऑफिसच्या वाय-फायवर बसलेल्यासाठी! जेसी जेम्स गॅरेटने 'अजॅक्स' हे नाव २००५ साली दिलं, त्यातला पहिला 'ए' म्हणजेच असिंक्रोनस. दोन दशकं उलटली, तरी उत्तर उशिरा येऊ शकतं याचं आपल्याला नवल वाटतं?

असो. सोमवारी ऑफिसात गेलात की डेव्हटूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम मंद करा आणि स्वतःचीच यादी उघडून बघा. मग बोलू एज केसबद्दल.