धुराड्यातील दोन साक्षी

विल्यम ब्लेक या इंग्रज कवीची 'निरागसतेची गाणी' १७८९ साली निघाली. १७९४ साली त्याने ती 'अनुभवाच्या गाण्यां'शी जोडून एकाच ग्रंथात बांधली. त्यातील जोडकवितांत धुराडी झाडणाऱ्या पोरावरची जोडी विशेष बोलकी आहे. असे असता आमचे काही रसिक मित्र पहिली कविता गोड म्हणून मुलांच्या हाती देतात आणि दुसरी कडवट, शिवाय धर्मनिंदक म्हणून बाजूस सारतात. हा निवाडा आम्हांस साफ अमान्य आहे. एक साक्ष नोंदवून दुसरी फाडून टाकणे याला न्याय म्हणत नाहीत.

पहिली कविता खरोखर गोड आहे काय? तीत बोलणाऱ्या पोराची आई मेलेली, आणि बापाने त्याला विकलेले. वय इतके कोवळे की रस्त्यावर आरोळी देताना आद्याक्षर जिभेवर ठरत नाही; आणि इंग्रजीत झाडण्याच्या शब्दातला पहिला 'स' गळाला की रडण्याचा शब्द उरतो. त्याच्या सोबत्याचे कोकरासारखे कुरळे केस भादरले जातात. त्याला रात्री स्वप्न पडते: काळ्या शवपेट्यांत हजारो पोरे कोंडलेली, देवदूत लखलखीत किल्लीने त्या उघडतो, पोरे हिरव्या माळावर हसत धावतात, नदीत न्हातात. मग उजाडते. थंडी तीच, पिशवी आणि ब्रश तेच. पोर मात्र सुखात! कर्तव्य करणाऱ्यास भय नाही, हा अखेरचा बोध त्या पोराच्या तोंडी आहे, कवीच्या नव्हे. पढविलेला साक्षीदार कसा बोलतो, हे ज्याने न्यायालयात ऐकले आहे त्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

दुसऱ्या कवितेत पांढरे बर्फ आणि त्यावर एक काळा ठिपका, एवढेच चित्र. हिरवळ नाही, देवदूत नाही. आईबाप कुठे? प्रार्थनेसाठी चर्चमध्ये. मी हसतो-नाचतो म्हणून माझे काही वाईट केले नाही अशी त्यांची समजूत आहे, असे पोर सांगते. पहिल्या कवितेतले हास्य येथे आरोपींचा बचाव होऊन उभे राहते.

यात ईश्वरनिंदा कोठे आहे? ब्लेकचा देव कोकरात आणि बालकात वसतो. त्याच देवाच्या नावाने बालकाची विपदा झाकणाऱ्यांवर त्याचा कोप आहे. कोणत्याही देवळात हात जोडणाऱ्याने हा कोप उगाच अंगावर घेऊ नये. मात्र हात जोडताना मिटलेले डोळे बाहेर पडल्यावर उघडले का, एवढा प्रश्न त्याला चुकत नाही.

कायदा नव्हता असेही नाही. १७८८ च्या कायद्याने आठ वर्षांखालील पोरांस या कामी ठेवण्यास मनाई केली, पण अंमलबजावणीची यंत्रणा दिली नाही. १८४० साली एकवीस वर्षांखालील कोणासही धुराड्यात चढविण्यास बंदी झाली. तीही सर्रास मोडली गेली. १८७५ साली पोलिसांकडील परवाना सक्तीचा झाला, तेव्हा कोठे ही प्रथा संपली. पहिल्या कवितेनंतर शहाऐंशी वर्षे! एवढा काळ कायदा लुळा राहिला, कारण पोर हसते आहे ना, एवढ्यावर समाधान मानणारे लोक होते. पहिलीच कविता वाचविणारे रसिक नकळत तेच समाधान मुलांना शिकवितात. म्हणून आमचा आग्रह आहे: मुलांच्या हाती द्यायच्या तर दोन्ही द्या, आणि त्याच क्रमाने द्या.