आधी अर्ज, मग लोकवर्गणी

लोकवर्गणी महाराष्ट्राला नवी नाही. नवे आहे ते तिचे इंटरनेटवरील रूप. ‘किकस्टार्टर’सारख्या संकेतस्थळावर संशोधक आपल्या उपकरणाची चित्रफीत मांडतो आणि बँकांचे उंबरठे न झिजवता जगभरातील ग्राहकांकडून आगाऊ पैसे मिळवतो. मात्र पेटंट कायद्याच्या दृष्टीने ही चित्रफीत म्हणजे शोधाचे जाहीर प्रकटीकरण ठरू शकते.

हळदीच्या पेटंटचा वाद मराठी वाचकांच्या स्मरणात असेल. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील ‘सीएसआयआर’ने दिलेल्या आव्हानानंतर 1997 मध्ये अमेरिकेतील ते पेटंट रद्द झाले. जे आधीच ज्ञात आहे त्यावर मक्तेदारी मिळत नाही, हे त्या विजयाचे सूत्र होते. तेच सूत्र उतावीळ संशोधकावर उलटते. त्याने स्वतःच जगाला दाखवलेली वस्तूही ‘ज्ञात’च मानली जाते!

अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रकटीकरणानंतर एक वर्षाची मुदत मिळते. युरोपात अशी सर्वसाधारण सवलत नाही. भारतात 1970च्या कायद्यातील कलम 31 बारा महिन्यांची सूट देते, पण ती प्रामुख्याने सरकारने अधिसूचित केलेली प्रदर्शने आणि विद्वत्सभेत वाचलेले निबंध यांच्यापुरती. संकेतस्थळावरील आवाहन त्यात बसवणे अवघडच.

यावर उपाय आहे तो तात्पुरत्या अर्जाचा. व्यक्ती वा नवउद्योगासाठी त्याचे ऑनलाइन मूळ शुल्क 1600 रुपये आहे. सल्लागाराचे मानधन वेगळे. त्यानंतर पूर्ण तपशील सादर करण्यास बारा महिने मिळतात. मात्र अर्जात जेवढे वर्णिले तेवढ्यालाच ती तारीख लागू होते. मोहीम रंगात आली की वर्गणीदार सूचना करतात, संशोधक उत्साहाने नवी वैशिष्ट्ये जाहीर करतो आणि ती अर्जाबाहेर राहतात. सल्लागाराची खरी गरज येथे असते, नुसता अर्ज भरण्यासाठी नव्हे.

शिवाय अर्ज म्हणजे तत्काळ संरक्षण नव्हे. पेटंट प्रत्यक्ष मिळेपर्यंत उल्लंघनाचा दावा दाखल करता येत नाही. 2016 मध्ये ‘फिजेट क्यूब’ या छोट्या खेळण्याने ‘किकस्टार्टर’वर सुमारे 64 लाख डॉलर मिळवले, परंतु मूळ वस्तू वर्गणीदारांच्या हाती पडण्याआधीच तिच्या नकला बाजारात आल्या होत्या.

दुसरा धोका याच्या नेमका उलट आहे. आपला शोध कोणी चोरेल या धास्तीत असलेल्या संशोधकाला, आपणच दुसऱ्याच्या हद्दीत शिरलो असू, ही शंका सहसा येत नाही. ‘फॉर्मलॅब्स’ या अमेरिकी कंपनीने 2012 मध्ये त्रिमिती मुद्रणयंत्रासाठी एक लाख डॉलरचे उद्दिष्ट ठेवले आणि जवळपास 29 लाख डॉलर जमवले. मोहिमेचा गाजावाजा झाला तसे प्रतिस्पर्ध्यांचेही लक्ष गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘थ्रीडी सिस्टिम्स’ने पेटंट उल्लंघनाचा दावा ठोकला आणि पाच टक्के कमिशन घेणाऱ्या ‘किकस्टार्टर’लाही प्रतिवादी केले. प्रस्थापितांच्या पेटंटचा शोध मोहिमेपूर्वी घेतला तर रचना बदलण्यास किंवा परवाना मागण्यास वाव राहतो. वर्गणीदारांना यंत्राचे वचन दिल्यावर तो फारसा उरत नाही. हा वाद 2014च्या अखेरीस तडजोडीने मिटला, तेव्हा ‘फॉर्मलॅब्स’ने निव्वळ विक्रीच्या आठ टक्के स्वामित्वधन देण्याचे मान्य केले होते.