पसंती की सक्ती?

दिंडोशीतील एका आईने शाळेविषयी विचारणाऱ्याला सांगितले, ‘इंग्रजीतच घालावं लागतं, काय करणार!’ इंग्रजी अहवालात ती इंग्रजी माध्यम ‘प्रिफर’ करणारी पालक ठरली. अशाच अहवालांवरून आमची वृत्तपत्रे ‘पालकांची इंग्रजीला पसंती’ असा मथळा देतात. ‘लागतं’मधील सक्ती गेली कोठे?

‘मला आंबा आवडतो’ यात क्रियापद आंब्याप्रमाणे चालते. आवडणारा चतुर्थीत, काहीसा बाजूलाच, असतो. आजच्या इंग्रजीत तो प्रथमेत बसतो, कर्ता होतो आणि निवडीची जबाबदारीही त्याच्याच माथी येते. अर्थात हा इंग्रजीचा सनातन स्वभाव नव्हे. चॉसरच्या काळी तिथेही वस्तू माणसा‘ला’ आवडे (आमचे विद्यार्थी हे परीक्षेपुरते पाठ करतात). तेव्हा केवळ इंग्रजीला दोष देऊन सुटका नाही. ‘हवे’, ‘चालेल’ आणि ‘लागते’ या तिन्हींना एकाच रकान्यात कोंबणारे आपणच आहोत. सर्वेक्षणांवरून वाचकाभिरुचीचे सिद्धान्त रचणाऱ्या समीक्षकांनी यापुढे टक्केवारीआधी उत्तरदात्याचे मूळ वाक्य, त्याच्या विभक्तीप्रत्ययांसह, छापावे.